बावीस नंबरचा चिमटा

१

विमान भिंतीवर आपटलं तेव्हा संघप्रिया कुरणे खाली मान घालून चिमटे लावत होत्या. त्यामुळे त्यांनी ते पाहिलं नाही, ऐकलं. मोटरची गुणगुण चालू होती, ती थांबली. क्षणभर हॉलमध्ये काहीच वाजलं नाही. मग वधूवरांच्या स्टेजमागच्या भिंतीवर ठप्प.

त्यांनी मान वर केली तेव्हा पिवळं विमान लाल मखमलीच्या खुर्चीत पडलं होतं. त्याचं लाकडी नाक चेचलं होतं.

"कुणी चालू केला रिमोट?" विमानाचे मालक सयाजी इंगवले ओरडले. "कुणाचा चालू हाय? हात वर करा!"

चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून कळंब्याच्या रस्त्यावरचं हे मंगल कार्यालय रिकामं असायचं. पावसात मैदानाचा चिखल झालेला, म्हणून छोटी विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबला जागा नसायची. दोघांची अडचण एकमेकांच्या पथ्यावर पडली होती. २००६च्या त्या पावसाळ्यात दर गुरुवारी संध्याकाळी सात-आठ माणसं इथं जमायची. खिडक्या लावून घ्यायची, पंखे बंद करायची आणि घामाघूम होत थर्माकोलच्या पत्र्यांची हलकी विमानं रिमोटवर फिरवायची.

त्यात धोका एकच होता. प्रत्येक रिमोटचा एक चॅनेल असतो. एकाच चॅनेलचे दोन रिमोट एकदम चालू झाले, तर विमानाला कुणाचं ऐकावं ते कळत नाही. म्हणून दाराजवळ एक फळी होती. तिच्यावर कपड्यांना लावायचे चिमटे, एका चॅनेलला एक, वर रंगानं नंबर. आधी फळीवरून आपला चिमटा घ्यायचा, तो रिमोटच्या एरियलला लावायचा, मगच बटण दाबायचं. चिमटा नाही तर बटण नाही. जो हे मोडेल तो क्लबच्या बाहेर, कायमचा.

फळी सांभाळायच्या संघप्रियाबाई. त्या स्वतः विमान उडवत नसत. पोलिसांच्या बिनतारी विभागातून निवृत्त झालेल्या बाईंना कुणीतरी हौसेनं बोलावलं, आणि त्या येतच राहिल्या. नोकरीभर कानांवर हेडफोन असायचा, कानात सारखी माणसं असायची. निवृत्तीनंतर घरात फ्रिजचा आवाज तेवढा उरला होता.

बावीस नंबरचा चिमटा सयाजींच्या एरियलला होता. क्लबमध्ये बावीस चॅनेल आणखी एकाचाच होता. सगळ्यांच्या नजरा खिडकीकडं वळल्या.

तिथं राजवीर उभा होता. हातात रिमोट, आणि एरियल पूर्ण बाहेर ओढलेली.

"थोड्या वेळापूर्वी काय म्हणालास रं तू?" सयाजींनी विचारलं. "परत म्हण. सगळ्यांसमोर म्हण."

थोड्या वेळापूर्वी राजवीर जे म्हणाला होता त्यावर सगळे हसले होते: "दादा, चिमटा सोडा की आता, न्हायतर मीच पाडतो खाली."

"बाई," राजवीर फळीकडं वळला, "तुम्ही हितंच होता. माझा रिमोट बंद होता, सांगा की ह्यास्नी."

संघप्रियाबाईंनी जे खरं होतं तेच सांगितलं.

"मी बघितलं नाही."

आणि त्या एका वाक्यानं त्याचा निकाल लागला.

२

"पुढच्या गुरुवारी सगळ्यांसमोर नाव कमी करणार हायत माझं," राजवीर म्हणाला. कार्यालयाच्या पोर्चमध्ये तो रिमोट पिशवीत घालत होता. पाऊस तिरका लागत होता.

"एरियल का काढली होतीस?"

"बसल्या बसल्या ओढतो, परत आत घालतो. सवय हाय. बटणाला हात लावला न्हाय, आईशप्पत."

"खाली पाडतो म्हणालास."

"चेष्टा होती ओ बाई! ह्या गावात चेष्टा पण चिमटा घेऊन करायची काय?"

त्या हसल्या नाहीत. तोही हसला नाही. राजवीर मलकापूरचा, पंचविशीतला. राजारामपुरीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा आणि एका खोलीत एकटा राहायचा.

"दुसरा एखादा छंद शोध," बाई म्हणाल्या. खरं तर त्याचं उत्तर त्यांना ऐकायचं होतं.

"छंदाचं काय न्हाय ओ." त्यानं पिशवीची चेन लावली. "दिवसभर मी बोलतो. माऊस असा धरा, इथं क्लिक करा. पण माझ्याशी कोण बोलत न्हाय. गुरुवारी हितं आलो की कोणतरी शिव्या तरी देतंय."

मग तो पावसात निघून गेला. संघप्रियाबाई उभ्या राहिल्या. 'मी बघितलं नाही' हे खरं होतं, पण ते पुरेसं नव्हतं. नोकरीत त्यांना कुणी कधी 'काय बघितलं' असं विचारलंच नव्हतं. 'काय ऐकलं' असं विचारत.

काय ऐकलं होतं?

आत खोत सर मोडकं विमान वर्तमानपत्रात गुंडाळत होते. आकाराम खोत, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. क्लबमधली निम्मी विमानं त्यांच्या हातची होती, आणि दर गुरुवारी पहिलं उड्डाण घेण्याआधी प्रत्येक विमान त्यांच्या हाताखालून जायचं. त्याला 'सरांचा हात' म्हणत.

"सयाजीराव, जिवाला लावून घेऊ नका," सर म्हणत होते. "उद्या संध्याकाळी घरी या. दोघं बसून नवं नाक बसवू."

"बघू," सयाजी म्हणाले. त्यांचं लक्ष मोबाईलमध्ये होतं.

३

उद्यमनगरातल्या फाउंड्रीत बोलायचं म्हणजे ओरडायचं. सयाजी इंगवले तसेही ओरडूनच बोलत.

"बसा बाई! च्या घेणार न्हवं? तपास करताय म्हणं. करा की! पण उत्तर आमच्याकडं आधीच हाय!"

"मला फक्त शेवटचं सांगा. विमान भिंतीकडं जायला लागलं तेव्हा काय झालं?"

"काय व्हणार? मी डावीकडं वळवतोय, ते सरळच चाललंय. उजवीकडं वळवलं, तरी सरळ. मला कोण मोजतच न्हाय! घरात बी न्हाय आन् आकाशात बी न्हाय!"

ऑफिसच्या काचेपलीकडं लाल लोखंड साच्यात ओतत होते. सयाजींच्या टेबलावर लग्नाचा जुना फोटो होता. ऑफिसात त्यांच्याशिवाय दुसरं माणूस दिसलं नाही.

"थरथरलं का? शेपटी वळवळली? मोटर मध्येच जोरात, मध्येच हळू, असं काही?"

"न्हाय ओ. रेल्वेच्या रुळावरनं गेल्यागत गेलं, सरळ."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी काय खुळा हाय काय? भिंत दिसली तशी मोटर बंद केली. पुढचा पंखा गप्प झाला म्हणून तर नाकावर निभावलं, न्हायतर चुराडाच झाला असता."

संघप्रियाबाईंनी कप खाली ठेवला.

मोटरची गुणगुण थांबली. क्षणभर काहीच नाही. मग ठप्प. हेच त्यांनी ऐकलं होतं.

"तुम्ही बंद म्हणालात आणि मोटर बंद झाली?"

"लगीच."

"म्हणजे विमान तुमचं ऐकत होतं."

कुणी आपलं ऐकतं, ही सयाजींसाठी नवी गोष्ट असावी.

"दुसऱ्या रिमोटनं घोळ घातला असता तर सगळ्याचाच घोळ झाला असता," बाई म्हणाल्या. "मोटर शहाणी आणि शेपटी तेवढी वेडी, असं होत नाही. वायरलेसमध्ये माझी उमर गेलीय सयाजीराव. रेडिओला काही झालं नव्हतं. शेपटीला काहीतरी झालं होतं."

"मग राजवीर?"

"ते विमान आता कुठाय?"

"खोत सरांकडं. आज संध्याकाळी बोलवलंय मला. पण आता जुन्याचं काय करायचं? मुंबईहून नवं मागवलंय, रबरासारख्या फोमचं. आपटलं तरी उसळतंय! सरांना सांगायचं राहिलंच."

४

मंगळवार पेठेतल्या जिन्यावर बाई चढत होत्या तोवरच वरचं दार उघडलं.

"या, या सयाजीराव, पायरी जपून, ओल—" खोत सर थांबले. "बाई? तुम्ही?"

"विमान बघायला आले. चालेल ना?"

"चालंल की. या."

खोली झाडून लखलखीत केलेली होती. टेबलापाशी दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या, आणि एका ताटलीत भडंग काढून त्यावर दुसरी ताटली झाकलेली. सरांनी झाकण काढून ताटली बाईंपुढं सरकवली, मग पुन्हा एकदा जिन्याकडं बघून दार लोटून घेतलं.

विमान टेबलावर होतं. चेचलेलं नाक काढून बाजूला ठेवलेलं, आणि त्याच्याजवळ नवं नाक. हलक्या बाल्सा लाकडाचं, गुळगुळीत घासलेलं, तांबडं रंगवलेलं, त्यावर काळ्या रंगात झोकदार अक्षरांत 'इंगवले'.

"झालं पण?" बाईंनी ते उचलून अंगठ्यानं चाचपलं. "सुरेख आहे."

"रात्रभर बसलो. झोप येत न्हाय हल्ली, त्यापेक्षा हे बरं. मोटरची भोकं तेवढी पाडायची राहिलीत. ते दोघं मिळून करू म्हटलं."

बाईंनी शेपटी पाहिली. तिला ओरखडासुद्धा नव्हता. पोटातल्या यंत्रापासून एक बारीक तार मागं जाऊन शेपटीच्या पात्याला जोडलेली असते. तार ओढली की पातं वळतं, पातं वळलं की विमान वळतं. ती तार आता पात्याच्या भोकातून निसटून लोंबत होती. वाकलेली नव्हती, तुटलेली नव्हती.

"तार निसटू नये म्हणून इथं काय लावता?"

"रबराचा तुकडा. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी असती बघा, ती बारीक कापून तारेच्या टोकावर चढवायची."

"तो कुठाय?"

"धडकेत उडाला असंल."

"नाक भिंतीवर आपटलं. शेपटीचं रबर कसं उडेल, सर? आणि तार आधी निसटली म्हणून तर विमान वळलं नाही." त्यांनी शेजारच्या दुसऱ्या विमानावरचा तसाच तुकडा नखानं ओढून पाहिला. सहज निघेना. "हा आपोआप पडत नाही. कुणीतरी काढला."

खोत सरांनी चष्मा पुसला.

"मी तपासलं तेव्हा होता," ते म्हणाले.

"तुमच्यानंतर विमानाला हात कुणाचा लागला?"

जिन्यात पावलं वाजली आणि सर उठायला गेले, पण पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली.

"अनुजाचा," ते म्हणाले. "टेबलावरनं तिनंच नेऊन दिलं सयाजीरावांना."

५

डॉक्टर अनुजा क्लबमधल्याच; एरवी दात काढायच्या. शनिवारी सकाळी त्यांच्या दवाखान्याच्या दाराला खुर्ची टेकवून ठेवली होती आणि वर कागद लावला होता: 'हात लावू नये'.

"या मावशी, अंग चोरून या!" आतून आवाज आला. "मंगळवारी रंग दिलाय दाराला, अजून ओला. काल एका पेशंटची साडी गेली. दात वीस मिनिटांत काढला, रंग काढायला तासभर!"

दवाखान्यात पेशंट नव्हता. संघप्रियाबाईंनी सरळ विचारलं.

"व्हय, मीच नेलं विमान," अनुजा म्हणाल्या. "पोटाखाली हात धरून. सरांचा हात झालेल्या विमानाच्या शेपटीला मी कशाला बोट लावू? आणि एवढंसं रबर काढायला नखं लागतात." त्यांनी आपले हात पुढं केले. नखं बोटाबरोबर कापलेली होती. "माझ्या धंद्यात वाढवून चालत नाहीत."

"सयाजीरावांशी तुझं भांडण होतं म्हणे."

"कुणाचं नाही? म्हणतात, बाईमाणसाच्या हातात रिमोट म्हणजे टीव्हीचा. मी त्यांच्या दाढेवर सूड घेईन की, विमानावर कशाला?" मग त्यांचा आवाज उतरला. "मावशी, खरं सांगू? त्या गोंधळात सगळे राजवीरकडं बघत होतो. सरांनी तेवढं विमान उचललं. ते बिचारे सारखं म्हणत होते, उद्या या, उद्या या."

बाई निघाल्या. दारातून जाताना पदर सांभाळला, पण अंगठा चौकटीला लागलाच. निळा डाग उठला.

"लागला ना?" अनुजा चरफडल्या. "या दिवसांत तेलाचा रंग चार-चार दिवस वाळत नाही. हवाच ओली. तो रंगारी तर म्हणतो, गणपतीनंतरच वाळेल."

संघप्रियाबाई अंगठ्याकडं बघत राहिल्या.

काल संध्याकाळी ह्याच अंगठ्यानं त्यांनी तांबडं नाक चाचपलं होतं. रात्रभर बसून केलेलं, असं सर म्हणाले होते. घासलेलं, रंगवलेलं, वर काळी अक्षरं काढलेलं.

अंगठा कोरडा राहिला होता.

६

ह्या वेळी खोत सरांचं दार उशिरा उघडलं. खोलीत खुर्ची एकच होती, दुसरी भिंतीकडं सरकवलेली.

बाई उभ्याच राहिल्या.

"सर, नाक गुरुवारच्या रात्री केलेलं नाही. त्याचा रंग वाळलेला होता. ते निदान चार दिवस आधी केलं असणार. तेव्हा विमान धडधाकट होतं."

"जादा म्हणून करून ठेवलं होतं," सर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच पटला नाही.

"तसं असतं तर तुम्ही तसंच सांगितलं असतं. रात्रभर बसलो म्हणाला नसतात." बाई सावकाश बोलत होत्या. "विमान मोडणार हे तुम्हाला माहीत होतं. काय मोडणार, हेही माहीत होतं. शेपटी वळली नाही तर ते सरळ भिंतीवर जाणार आणि नाक फुटणार. रबर तुम्ही तपासताना काढलंत. मोटरच्या थरथरीनं तार हळूहळू निसटली. गुरुवारी सगळे विचारत होते कुणी पाडलं. तुम्ही एकट्यानं ते विचारलं नाही."

खोत सर पलंगावर बसले.

"पूर्वी दर आठवड्याला कोणतरी यायचं," ते म्हणाले. "विमान मोडायचं, मग येऊन बसायचेत. गोंद वाळेपर्यंत जाता येत न्हाय माणसाला. सयाजी तर जेवूनच जायचा. पिठलं-भात. ही गेल्यावरसुद्धा यायचा. आता विमानं मोडतच न्हाईत, बाई. मोडली तरी नवी मागवतात." त्यांनी भिंतीकडच्या खुर्चीकडं पाहिलं. "म्हटलं, एकदा मोडू दे."

"आले का सयाजीराव?"

"फोन आला. सर, फेकून द्या म्हणाला."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. दोघंही ती संपेपर्यंत थांबले.

"आणि राजवीर?"

"त्याचा पण नंबर बावीस हे माझ्या डोक्यातच न्हवतं आलं, देवाशप्पत. मला वाटलं, तार निसटली असं म्हणतील आणि सोडून देतील."

"पण गुरुवारी कळलं ना? सगळे त्याच्यावर धावून गेले तेव्हा? तुम्ही गप्प बसलात. काल मी विचारलं तर अनुजाचं नाव पुढं केलंत."

"केलं."

"का?"

"सांगितलं असतं तर मला काढलं असतं. मग गुरुवार पण गेला असता."

संघप्रियाबाईंना ह्यावर देण्यासारखं उत्तर होतं, पण ते त्यांनी दिलं नाही. गुरुवार गेल्यावर काय उरतं ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"गुरुवारी राजवीरला मी सोडवणार," त्या म्हणाल्या. "मग ते विचारतील, केलं कुणी. तेव्हा मी बोलायचं की तुम्ही, ते तुम्ही ठरवा."

७

"ह्या टेबलावर ठेवा तुमचं नवं विमान," संघप्रियाबाई सयाजींना म्हणाल्या. "अनुजा, ते घट्ट धर. पंख्यापासून हात लांब."

गुरुवारी कार्यालयात सगळे भोवती उभे होते. राजवीर दाराजवळ, आत आल्यासारखा नाही आणि गेल्यासारखाही नाही.

सयाजींनी बावीसचा चिमटा लावून रिमोट चालू केला. मोटर गुणगुणली. शेपटी डावीकडं वळली, उजवीकडं वळली.

"आता राजवीर. तू पण चालू कर."

"चिमटा न्हाय माझ्याकडं," राजवीर म्हणाला.

"आज माझी परवानगी आहे."

त्यानं बटण दाबलं. त्याबरोबर विमानाच्या अंगात आल्यासारखं झालं. शेपटी फडफडायला लागली, मोटर किंचाळली, बसली, पुन्हा किंचाळली.

"सयाजीराव, मोटर बंद करा."

सयाजींनी रिमोटवरची मोटरची काडी खाली ओढली. मोटर थांबली नाही. त्यांनी पुन्हा ओढली. मोटर आचके देत राहिली.

"बंद व्हईना की!"

"नाहीच होणार. राजवीर, तुझा बंद कर."

गुणगुण एकदम शांत झाली.

"त्या गुरुवारी सयाजीरावांनी मोटर बंद केली आणि ती लगेच बंद झाली," बाई म्हणाल्या. "धडकेच्या आधी. ते मी माझ्या कानांनी ऐकलं. दुसरा रिमोट चालू असता तर हे झालंच नसतं. शेपटीच्या तारेचं रबर आधीच काढलेलं होतं. राजवीरचा ह्यात काहीही संबंध नाही. मी त्या दिवशी बघितलं नाही म्हणाले, ते खरं होतं. ऐकलं होतं, ते सांगायला मला आठवडा लागला."

"मग रबर काढलं कुणी?" सयाजी ओरडले. "कोण हाय त्यो? नाव सांगा बाई, आत्ताच्या आत्ता—"

"मी," खोत सर म्हणाले.

ते पंगतीच्या रिकाम्या बाकावर बसले होते. उठून उभे राहिले.

"काय सर, ह्या वयात चेष्टा करता..."

"मी काढलं, सयाजी."

"का पण?"

सर काहीतरी मोठं सांगणार असं वाटलं. पण ते एवढंच म्हणाले, "तू येशील म्हणून."

फाउंड्रीच्या गोंगाटात आयुष्य काढलेल्या माणसाला एवढी शांतता सोसत नसावी. सयाजींनी रिमोट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "जाऊ द्या," ते पुटपुटले. "मोठं माणूस हाय. चूक होती एखाद्याची."

"माझी झाली असती तर?" राजवीर दारातून पुढं आला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मला तर न केलेल्याबद्दल काढणार होता, दादा. हप्ताभर मी त्याच धास्तीत होतो. सर रोज सकाळी माझ्या क्लाससमोरनं फिरायला जातात. एकदा आत येऊन म्हणाले असते, बाळा, तू न्हाय केलंस, तरी बास होतं. नियम मला लागत असंल तर त्यास्नी बी लागतो."

त्यात खोटं काढण्यासारखं काहीच नव्हतं.

"बरोबर हाय त्याचं," खोत सर म्हणाले. त्यांनी खुंटीवरची छत्री घेतली. राजवीरसमोर ते थांबले, हात जोडायला गेले. पण तो भिंतीकडं बघत होता. मग ते पायऱ्या उतरून गेले.

सयाजींनी एरियलचा चिमटा काढून राजवीरच्या हातात दिला. राजवीरनं तो घेतला. त्या संध्याकाळी त्यानं खूप वेळ विमान उडवलं आणि ते त्यानं एकदाही आपटू दिलं नाही.

८

पुढच्या गुरुवारी संघप्रियाबाईंनी दुपारीच अनुजाला फोन केला. "आजच्या दिवस फळीपाशी तू बस."

"बरं नाही का मावशी?"

"बरी आहे."

मंगळवार पेठेतल्या त्या जिन्याखाली त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. जे सिद्ध करायचं होतं ते झालं होतं. ज्याला सोडवायचं त्याला सोडवलं होतं. नोकरीत असत्या तर इथं प्रकरण बंद झालं असतं आणि हेडफोन काढून त्या घरी गेल्या असत्या.

दार वाजवलं. आत टीव्ही इतक्या मोठ्यानं चालला होता की पुन्हा वाजवावं लागलं.

खोत सरांनी दार अर्धंच उघडलं. दाढी वाढलेली होती.

"काय राहिलं काय विचारायचं?"

"नाही."

"सयाजीनं पाठवलं?"

"नाही. मला कुणी पाठवलं नाही."

सरांनी त्यांच्या हातांकडं पाहिलं. हात रिकामे होते. "मग? कार्यालयात न्हाय गेला? गुरुवार आज."

"तिकडं सात-आठ जण आहेत," बाई म्हणाल्या. "सर, माझ्याकडं मोडलेलं काही नाही. तशीच आलेय."

ते दारातच उभे राहिले. आत बातम्या सांगणारा माणूस एकटाच तावातावानं बोलत होता. मग खोत सर वळले आणि आधी टीव्ही बंद करायला गेले.